पाद्रीबाबांना जरा बाजूला बसू द्या

कॅलिफोर्नियात हायवे १०१ वरून जाताना रस्त्याच्या कडेला अधूनमधून एक घंटा दिसते. मेंढपाळाच्या काठीसारखा वर वळलेला लोखंडी खांब, त्याच्या वाकड्या टोकाला लोंबणारी घंटा आणि 'एल कामिनो रेआल', म्हणजे राजरस्ता, अशी पाटी. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ या काळात सान दिएगोपासून सोनोमापर्यंत जी २१ मिशनं, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करून राबवण्याच्या वसाहती, वसवली, त्यांना जोडणारा हा रस्ता. घंटा मात्र त्या काळातली नाही. मोटारी आल्या आणि मोटारवाल्यांना गतवैभवाची हौस लागली, तेव्हा १९०६ पासून ती लावायला सुरुवात झाली. सांताक्रुझ शहराने २०२१ मध्ये आपल्याकडची शेवटची घंटा उतरवली, कारण आमाह मुत्सुन जमातीच्या लोकांना ती पाहून आठवतो तो पणजोबांना कामावर हाकणारा टोल. त्याच्या आदल्या वर्षी सान फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये या मिशनांचे आद्य संस्थापक हुनिपेरो सेर्रा यांचे पुतळे जमावाने ओढून पाडले. याच सेर्रांना २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वॉशिंग्टनला येऊन संतपद दिलं होतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये, देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, जॉर्जियात १५९७ साली मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कनांना रोमने हुतात्मे ठरवलं. निमित्त बदलतं, भांडण तेच राहतं: हे पाद्री संत होते की जुलमी?

हे भांडण आमच्या घरीही होतं. शनिवारी रात्री चार मराठी घरं जमली की पिठल्याची कढई रिकामी होईपर्यंत ते चालतं. एक जण गोव्याचं इन्क्विझिशन काढतो आणि म्हणतो, सगळे एकाच माळेचे मणी. वसईचा एक मित्र शांतपणे गोन्सालो गार्सियाचं नाव घेतो. त्याच १५९७ साली, फेब्रुवारीत, नागासाकीला क्रुसावर चढवलेला हा वसईचा माणूस, आई कोकणातली, अंगावर फ्रान्सिस्कन झगा. त्या संघात तो दाखल झाला मनिलाला, म्हणजे स्पॅनिश अमलातच. तेव्हा माझ्या मित्राला ते पाच हुतात्मे परके वाटत नाहीत, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. चुकतं ते वादाचं. दोन्ही बाजू पाद्र्याच्या स्वभावाचा न्यायनिवाडा करत बसतात. मिशन म्हणजे पाद्री हे दोघांनीही विचार न करता मान्य करून टाकलेलं असतं.

तो निवाडा कधीच लागणार नाही, कारण दोन्हीकडे कागद भरपूर आहेत. सेर्रांची बाजू घ्यायची? १७७३ मध्ये हा पाय अधू असलेला म्हातारा मेक्सिको सिटीपर्यंत गेला आणि शिपायांच्या अत्याचारांविरुद्ध व्हाइसरॉयपुढे ३२ कलमांचं निवेदन घेऊन उभा राहिला. १७७५ मध्ये कुमेयाय लोकांनी सान दिएगोचं मिशन जाळलं, पाद्री लुईस हाउमे यांना मारलं, तेव्हा बंडखोरांना फाशी देऊ नका म्हणून पत्र लिहिणारेही सेर्राच. विरुद्ध बाजू घ्यायची? १७८० मध्ये याच सेर्रांनी गव्हर्नरला कळवलं की आध्यात्मिक पित्यांनी आपल्या इंडियन लेकरांना फटके द्यावेत ही जुनीच रीत आहे. १७८६ मध्ये मोंतेरेला आलेला फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज याला कार्मेलचं मिशन बघून कॅरिबियनमधले गुलामांचे मळे आठवले. आता या चार कागदांवरून माणूस चांगला की वाईट ते ठरवा. ठरवलंत तरी तिथे राहणाऱ्यांबद्दल काय कळलं?

माझं म्हणणं साधं आहे. मिशनमध्ये साधारण दोन पाद्री असत, पाच-सहा शिपाई असत, आणि मूळ रहिवासी असत शेकड्यांनी, कधी हजारावर. माणसं मोजायची झाली तर मिशन हे ओलोनी, चुमाश, ग्वाले, अपालाची अशा मूळ जमातींच्या लोकांचं गाव होतं, ज्यात दोन परदेशी धर्मगुरू राहत आणि हुकूम चालवत. त्या गावाचा इतिहास हवा असेल तर ते गाव खणायला हवं. चर्च नव्हे, गाव. आधी राहत्या खोल्या, उकिरडे, चुलींच्या जागा. दफनभूमीला वंशजांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, त्यात विज्ञानाचं नुकसान झालं तरी चालेल. आणि कुठे खणायचं, काय जपायचं, काय पुन्हा मातीआड करायचं या निर्णयात त्या वंशजांचा शब्द वजनाचा हवा, समितीतल्या शोभेच्या खुर्चीपुरता नको.

इथल्या शाळांत चौथीच्या मुलांनी मिशनचं मॉडेल करायची पद्धत वर्षानुवर्षं होती. माझ्या मुलीने साखरेच्या चौकोनी खड्यांचं केलं होतं. चर्च, कमानींची ओळ, मनोरा, घंटा, तपकिरी कापड गुंडाळलेला एक पाद्री. खोल्या नव्हत्या. खोल्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं. ते मॉडेल गॅरेजमध्ये ठेवलं आणि मुंग्यांनी मनोऱ्यापासून सुरुवात करून महिनाभरात फस्त केलं, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. २०१६ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यातच म्हटलं गेलं की साखरेच्या खड्यांची मिशनं बांधून मुलांना तो काळ समजत नाही. बरं झालं. पण मोठ्या माणसांच्या डोक्यातलं मिशन अजून साखरेचंच आहे: वरचा कळस दिसतो, खालची वस्ती दिसत नाही. सांताक्रुझला जाऊन पाहा. १७९१ च्या त्या मिशनचं चर्च १८५७ च्या भूकंपात पडलं. आज जे पांढरंशुभ्र चर्च लोक फोटोत घेतात ती १९३१ मधली अर्ध्या मापाची नक्कल आहे. खरी जुनी इमारत शेजारच्या गल्लीत आहे, कच्च्या विटांची, बैठी, आपल्याकडच्या चाळीसारखी एका ओळीत खोल्या असलेली. ती बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशांच्या कुटुंबांसाठी बांधलेली घरं आहेत. म्हणजे खोटं आहे ते चर्च, खरी आहे ती चाळ. गर्दी कुठे असते ते सांगायला नकोच.

यावर पहिला आक्षेप इतिहासकारांचा, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, खणायचं कशाला? स्पॅनिश पाद्र्यांसारखी दफ्तरं कुणी ठेवली नसतील. कॅलिफोर्नियातल्या मिशनांच्या नोंदवह्यांवरून हंटिंग्टन ग्रंथालयाने जी सूची तयार केली, तिच्यात १ लाखाहून अधिक बाप्तिस्मे आणि ७० हजारांहून अधिक दफनं आहेत. माणसाचं नाव, त्याचं मूळ गाव, आईबाप, लग्न, मृत्यू. खापराच्या तुकड्यावर कुणाचं नाव नसतं. आज ओलोनी कुटुंबं आपली वंशावळ सिद्ध करतात ती याच वह्यांवरून. एवढंच काय, मिशनमधल्या जुलमाची सगळ्यात बोलकी साक्षही कागदावरचीच आहे: १८१२ मध्ये सांताक्रुझच्या लोकांनी पाद्री किंताना याला कसं आणि का मारलं, त्याने लोखंडी टोकांचा चाबूक कसा करवून घेतला होता, हे लोरेन्सो आसिसारा या तिथेच वाढलेल्या माणसाने १८७७ मध्ये सांगितलं आणि ते उतरवून घेतलं गेलं. हे सगळं मला मान्य आहे. वह्या फेकून कुदळ हाती घ्या असं मी म्हणतच नाही.

पण वही लिहिणाऱ्याला जे दिसलं, किंवा जे दिसावं असं वाटलं, तेच वहीत उतरतं. आणि ते तपासायला वहीबाहेरचं काहीतरी लागतं. न्यू मेक्सिकोत पेकोस नावाचं, पुएब्लो या मूळ रहिवाशांचं, आता ओसाड पडलेलं गाव आहे. फ्राय आलोन्सो दे बेनाविदेस याने १६३० च्या अहवालात तिथल्या चर्चच्या भव्यतेचं वर्णन केलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी जागेवरचं पडकं चर्च पाहिलं, ते काही तेवढं मोठं नव्हतं, आणि ठरवलं की राजाकडून पैसे उकळण्यासाठी पाद्र्याने फुगवून सांगितलं असणार. १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ जीन पिंक्ली तिथे काम करत असताना त्या चर्चखाली आणि आजूबाजूला दुसऱ्या, कितीतरी मोठ्या चर्चचा पाया निघाला. १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या बंडात ते उद्ध्वस्त झालं होतं. सगळे बघत होते ते नंतर बांधलेलं छोटं. पाद्री खरं बोलत होता! हे उदाहरण मी मुद्दाम पाद्र्याच्या बाजूचं घेतलं. खणणं म्हणजे पाद्र्यांविरुद्धचे पुरावे गोळा करणं, असं समजणाऱ्यांची दोन्ही छावण्यांत कमी नाही.

आता गावाकडे वळू. १९६२ च्या सुमारास जेम्स डीट्झ यांनी ला पुरीसिमा मिशनमधली चुमाश लोकांची राहती बराक खणली. दगड छिलून केलेली पुरुषांची हत्यारं फार कमी झालेली दिसली. बायकांच्या रांधण्याच्या, दळण्याच्या, टोपल्या विणण्याच्या कामाच्या खुणा मात्र टिकून होत्या. शिकारी पुरुषाला गुराखी, चांभार, गवंडी केलं गेलं. बाईची चूल तशीच राहिली. हे कुठल्या वहीत आहे? सांता क्लारा मिशनच्या वस्तीत पाद्र्यांच्या नाकासमोर शिंपल्यांचे मणी वापरात होते, आणि ज्वालामुखीच्या काचदगडाची, ऑब्सिडियनची पाती निघाली. तो दगड सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या उत्तरेला, नापाच्या बाजूच्या डोंगरांतून यायचा. म्हणजे मिशनच्या भिंतींपलीकडे देवाणघेवाण चालू होती, नातीगोती चालू होती. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर सेंट कॅथरीन्स बेटावर डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी सांता कातालिना दे ग्वाले हे १६८० मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यानंतर सोडून दिलेलं मिशन चुंबकमापकाच्या मदतीने शोधलं. तिथल्या चर्चच्या जमिनीखाली चारशेहून अधिक माणसं पुरलेली, आणि त्यांच्यासोबत काचेच्या मण्यांचा खच, सुमारे सत्तर हजार. मेलेल्याबरोबर काही पुरायचं नाही ही चर्चची रीत. आणि चर्चच्याच जमिनीखाली मणी, शिंपल्यावर कोरलेली पदकं. पाद्र्याला माहीत नव्हतं? अशक्य. माहीत होतं आणि त्याने डोळेझाक केली, किंवा त्याचं कुणी ऐकलं नाही. दोन्ही शक्यता त्या 'संत की जुलमी' चौकटीत बसत नाहीत.

आणि सान लुईस. फ्लोरिडात, आजच्या टॅलाहासी शहरात, १६५६ ते १७०४ पर्यंत हे अपालाची लोकांचं मिशन होतं. चौकाच्या एका बाजूला चर्च. त्याच्या समोर, चौकापलीकडे, उत्खननात निघाली अपालाचींची सभागृहाची जागा: गोल, सुमारे ३६ मीटर व्यासाची, दोन हजार माणसं बसतील एवढी. चर्च तिच्यापुढे लहान वाटावं. तिथे मुखिया बसायचा, बैठका भरायच्या, नाच व्हायचे. चौकात जो चेंडूचा खेळ व्हायचा, त्याच्यावर हुआन दे पाइवा नावाचा पाद्री १६७० च्या दशकात इतका चिडला की त्याने त्या खेळाविरुद्ध लांबलचक टिपण लिहून ठेवलं. ते टिपण वाचून वाटतं, पाद्री लोकांना धाकात ठेवत होता. सभागृहाचे खांबांचे खड्डे मोजले की वाटतं, धाक नेमका किती होता? आपल्याला एकच बाजू वाचायची सवय लागलेली असते, ती असं काही समोर आल्याशिवाय सुटत नाही.

इथे माझ्या मते सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो वंशजांपैकीच काही जण घेतात. मणी, पाती, सभागृह दाखवून तुम्ही म्हणता, बघा, लोक टिकले, संस्कृती टिकली. मग साठ-सत्तर वर्षांत हजारो माणसं मेली त्याचं काय? १८०६ च्या गोवराच्या साथीचं काय, रात्री कुलुपात कोंडलेल्या अविवाहित मुलींचं काय, पळून गेलेल्यांना शिपाई पाठवून ओढून आणायचे त्याचं काय? 'टिकून राहिले' हा शब्द जुलमाला लावलेला मलम होतो. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. संग्रहालयांत असले फलक मी वाचले आहेत, जिथे 'लवचीकता' हा शब्द तीनदा येतो आणि चाबूक एकदाही नाही. पण फलक वाईट लिहिला म्हणून खड्ड्यातलं खोटं ठरत नाही. बंड करायला आधी माणूस टिकून असावा लागतो. १८२४ मध्ये ला पुरीसिमा, सांता इनेस आणि सांता बार्बारा या तिन्ही मिशनांतले चुमाश उठले. ला पुरीसिमा त्यांनी जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं. ती एकी काय त्या रात्री आभाळातून पडली? जे लोक निव्वळ बळी म्हणून सांगितले जातात, ते पुढे सहज 'संपलेले' म्हणूनही सांगितले जातात. आल्फ्रेड क्रोबर या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये ओलोनी लोक व्यवहारतः नामशेष झाले असं लिहून टाकलं. क्रोबर काही त्यांचा शत्रू नव्हता. पण त्याच्या एका वाक्याचं ओझं ओलोनींना अजून उतरवता आलेलं नाही. मुवेक्मा ओलोनी आजही केंद्र सरकारच्या मान्यतेसाठी झगडताहेत. 'सगळे संपले' हे वाक्य ऐकायला करुण वाटतं, आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लावणाऱ्या नव्या मालकाच्या फार सोयीचं असतं.

शिवाय खड्ड्यातली वस्तू स्वतः बोलत नाही, हेही कबूल करायला हवं. पुन्हा पेकोसच. तिथल्या पाद्र्यांच्या मठाच्या आवारात एक किवा निघाली. किवा म्हणजे पुएब्लो लोकांचं जमिनीत खोदलेलं गोल पूजास्थान. कित्येक वर्षं सगळे सांगत होते की १६८० च्या बंडानंतर लोकांनी पाडलेल्या चर्चच्याच विटा वापरून, पाद्र्यांच्या उरावर, ही किवा बांधली. विजयाची खूण. मग जेम्स आयव्ही यांनी मांडलं की ती बंडाच्या कितीतरी आधीची असावी, लोकांना जुन्या धर्मातून हळूहळू नव्यात आणण्यासाठी पाद्र्यांनीच बांधू दिलेली. त्याच विटा, तोच खड्डा. एकाला त्यात बंड दिसतं, दुसऱ्याला मुत्सद्दी सहिष्णुता. मग ठरवणार कोण? प्राध्यापक आपसात भांडतीलच, त्यांचा तो धंदा आहे. पण किवा म्हणजे काय, तिच्यात कोण उतरतं, कुणी बांधलेली किवा किवा मानली जाते, हे ज्यांना आजही ठाऊक आहे, ती माणसं त्या चराच्या काठावर नसतील तर भांडण अपुरंच राहील. वंशजांचा सहभाग म्हणजे भूतदया नव्हे. त्यांच्याशिवाय शास्त्रच लंगडं पडतं.

हाडांचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी शास्त्रज्ञांच्या बाजूने नाही. त्यांचं म्हणणं आधी नीट ऐकू. सांता कातालिनाच्या हाडांवरून क्लार्क लार्सन यांनी दाखवलं की मिशनच्या काळात ग्वाले लोकांचं जेवण मक्यावर आलं, दात किडले, सांधे झिजले. ओझी वाहण्याच्या, राबण्याच्या खुणा सांगाड्यांत उतरल्या. याहून थेट आरोपपत्र कुठलं? हाडांना हात लावायचा नाही म्हटलं तर हा पुरावा हातचा जातो. जातो, खरंच जातो. तरीही. पेकोसला आल्फ्रेड किडर यांनी १९१५ ते १९२९ मध्ये जी माणसं उकरली, ती जवळजवळ दोन हजार माणसं हार्वर्डच्या ताब्यात कित्येक दशकं खोक्यांत होती. १८३८ मध्ये पेकोसचे उरलेसुरले लोक हेमेसला राहायला गेले होते. १९९९ मध्ये त्यांचे वंशज तिथून पायी चालत पेकोसला आले आणि त्यांनी आपले पूर्वज पुन्हा मातीत ठेवले. त्या दोन हजार माणसांना अभ्यासाला बसण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. आणि त्यांच्यातले जे मिशनच्या काळातले, त्यांना मिशनमध्येही फारसं विचारलं गेलं नव्हतंच.

हाडं कुणाची हे ठरवताना जात-पात कशी आडवी येते, याचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याला जॉर्जिया या देशाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. ती १६२४ मध्ये शिराझला मारली गेली; ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं गोव्यात आणली, तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेष सन्मानाने तिबिलिसीला नेऊन दिले. उत्तम झालं. आता टेक्सासमध्ये या. सान अंतोनिओचं आलामो हे मुळात सान अंतोनिओ दे वालेरो नावाचं मिशन, १७१८ ते १७९३. पंचाहत्तर वर्षं तिथे कोआविल्तेकान लोक जगले, मेले, तिथेच पुरले गेले. जग लक्षात ठेवतं ते १८३६ मधले मेक्सिकन सैन्याच्या वेढ्याचे तेरा दिवस. २०१९ मध्ये तिथे खणताना माणसांची हाडं निघाली. कोआविल्तेकान वंशजांच्या ताप पिलाम या संघटनेला निर्णयात स्थान हवं होतं. पण केंद्राच्या मान्यताप्राप्त जमातींच्या यादीत त्यांचं नाव नाही, म्हणून ती कोर्टाच्या पायऱ्या चढली. राणीमागे एक देश उभा असतो, म्हणून तिचा वारस शोधावा लागत नाही. चर्चच्या अंगणात पुरलेल्या शेतमजुराला आधी सरकारी शिक्का आणावा लागतो, आणि शिक्का मिळत नाही कारण मिशनने त्याच्या टोळीचं नाव, भाषा, गाव पुसून टाकलेलं असतं. हा असला पेच कुणा कथालेखकालासुद्धा सुचला नसता. कॅलिफोर्नियात निदान वाट थोडी बरी आहे: कुठेही मूळ रहिवाशांची हाडं निघाली की राज्याचा आयोग 'सर्वाधिक संभाव्य वंशज' कोण ते नेमतो, आणि त्यासाठी केंद्राची मान्यता लागत नाही. टेक्सासला हे करायला कुणी अडवलेलं नाही.

शेवटचा आक्षेप असा की मग काहीच खणू नका, माती शांत राहू द्या. ऐकायला हा सगळ्यात सोज्वळ. पण माती शांत राहते कुठे? कॅलिफोर्नियात मिशनच्या आवारात बहुतेक वेळा खणलं जातं ते प्राध्यापकाच्या जिज्ञासेपोटी नाही. कुणाला पाया घालायचा असतो, पाइप टाकायचा असतो, म्हणून. सांता क्लारा विद्यापीठ मिशनच्याच जागेवर उभं आहे; नवी इमारत आली की जुनी वस्ती वर येते. सान गाब्रिएलला रेल्वेमार्ग खाली नेण्यासाठी चर खणला, तेव्हा मिशनचा एक भागच हाती आला. खणणं थांबत नाही, फक्त बिल्डरच्या वेळापत्रकाने होतं, आणि निघालेलं सामान खोक्यांत भरून गोदामात जातं, अहवाल कुणी वाचत नाही. तेव्हा 'खणू नका' याचा प्रत्यक्षात अर्थ 'घाईघाईने, कुणाला न विचारता खणा' एवढाच उरतो. पुतळा पाडणं किंवा उभा करणं याला एक दुपार पुरते. पाच वर्षं बसून एक बराक नीट उकलायला, चाळणीतून माती गाळायला, आमाह मुत्सुन किंवा मुवेक्मा माणसांना त्या कामावर पगारी घ्यायला पैसे लागतात, आणि ते चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला जेवढ्या सहज मिळतात तेवढे याला मिळत नाहीत. आमच्या शनिवारच्या मंडळींनी भांडायचंच असेल तर यावर भांडावं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तिला सांताक्रुझला नेलं. ते छोटं चर्च तिने नमस्कार करून दोन मिनिटांत संपवलं. मग गल्लीतल्या त्या चाळीत शिरलो. बाहेर ऊन आणि आत गारवा, हातभराहून जाड भिंती, एका जागी प्लास्टर मुद्दाम उघडं ठेवलेलं, आत मातीच्या विटांमधलं गवत दिसत होतं. सेर्रांबद्दल, पुतळ्यांबद्दल मी तिला काही बोलले नव्हते. तिने भिंतीवरून हात फिरवला, खोलीच्या चारी कोपऱ्यांत नजर टाकली आणि विचारलं, "एका खोलीत किती माणसं राहायची गं?" मग, "चूल कुठे मांडत असतील? धूर जायला तर काही दिसत नाही." मी फलक शोधू लागले. ती खाली वाकून चपलेच्या टोकाने जमीन चाचपून बघत होती.